धाराशिव नावातली वेलांटी

उस्मानाबादचे धाराशिव करण्याचा ठराव राज्याच्या मंत्रिमंडळाने २०२२ च्या जून-जुलैमध्ये केला. केंद्र सरकारची संमती २०२३ च्या फेब्रुवारीत आली, जिल्ह्याच्या नावाची अधिसूचना त्याच वर्षीच्या सप्टेंबरात निघाली, विरुद्ध पक्षाच्या याचिका मुंबईच्या उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये फेटाळल्या, आणि रेल्वे स्थानकाचे नाव बदलावयास २०२५ साल उजाडले. या तीन वर्षांत त्या जिल्ह्यात किती पाट्या उतरल्या व किती चढल्या याची गणती कोणी ठेवली नसेल. कचेऱ्या, शाळा, पतपेढ्या, दवाखाने, दुकानांवरील पत्त्याच्या ओळी, जेथे जेथे जुने नाव होते तेथे तेथे नवे लिहिणे आले. भरीस भर म्हणून दुकाने व आस्थापना यांच्या कायद्यात २०२२ सालीच दुरुस्ती होऊन, नामफलक देवनागरीत असावा व त्यावरील मराठी अक्षर इतर लिपीतील अक्षराहून लहान असू नये, असे ठरले. तात्पर्य, छपाईच्या दुकानांस इतके देवनागरीचे काम एकदम क्वचितच मिळाले असेल.

नामांतर योग्य की अयोग्य हा वाद या सदरात उकरून काढण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. आमचे लक्ष आहे ते त्या नव्या नावातील एका चिन्हाकडे. 'उस्मानाबाद' या शब्दात एक जोडाक्षर होते, ऱ्हस्व वेलांटी नव्हती. 'धाराशिव' या शब्दात जोडाक्षर एकही नाही, पण ऱ्हस्व वेलांटी एक आहे. नुकत्याच शाळेत जाऊ लागलेल्या मुलास ही वेलांटी अगदी सोपी वाटेल. परंतु ज्या सॉफ्टवेअरला देवनागरीचे वळण ठाऊक नाही त्यात हे नाव घातले, म्हणजे वेलांटी 'श'च्या आधी न बसता त्याच्या पुढे जाऊन पडते, आणि रस्त्याने जाणारा मनुष्य 'धाराशवि' असे वाचतो. छपाईचे यंत्र लाखो रुपयांचे असो, शाई कितीही उंची असो, असल्या पाटीस चांगली छपाई कोण म्हणेल? आणि यात यंत्राचा बिचाऱ्याचा काहीच अपराध नसतो. त्याच्याकडे आकृती गेली तेव्हाच ती बिघडलेली होती. फ्लेक्स म्हणा, व्हिनाइल म्हणा, त्यावरील छपाई चांगली उतरणार की वाईट हे पुष्कळसे ठरते ते आकृती ज्या सॉफ्टवेअरमध्ये तयार झाली तेथे, आणि ही गोष्ट घरोघरच्या मंडळींस समजावून सांगावी एवढाच या लेखाचा हेतू आहे. कारण पाटी ही आता केवळ दुकानदाराची वस्तू राहिलेली नाही. मुंज, लग्न, वडिलांची पंचाहत्तरी, चिरंजिवांच्या दवाखान्याचे उद्घाटन, वाचनालयास दिलेल्या देणगीचा फलक, अशा एखाद्या निमित्ताने कुटुंबातील कोणी ना कोणी वर्षातून एकदोनदा तरी या दुकानाची पायरी चढतोच.

वेलांटी अशी का भरकटते हे समजण्यास थोडे मागे जावे लागेल. जावजी दादाजी यांनी १८६९ साली मुंबईस निर्णयसागर छापखाना काढला, त्या काळी व नंतरही पुष्कळ वर्षे मराठी मजकूर जुळत असे तो शिशाच्या खिळ्यांनी. जुळारी डावीकडून उजवीकडे एकेक खिळा उचलून ठेवी. 'शि' जुळवावयाचे तर आधी वेलांटीचा खिळा, मग 'श'चा. तोंडाने आपण 'श'चा उच्चार आधी करतो व 'इ'चा मागून. पण डोळ्यास जे आधी दिसते ते जुळारी आधी ठेवणार, हे ओघानेच आले. संगणकावर मराठी आली तेव्हा प्रथम तिने हाच जुळाऱ्याचा मार्ग धरला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या संस्थेची श्री-लिपी हे या मार्गाचे सर्वांत परिचित उदाहरण. त्या पद्धतीच्या जुन्या फॉन्टांत अक्षराचा प्रत्येक तुकडा हा एका इंग्रजी चिन्हाच्या जागी बसविलेला असतो. संगणकाच्या समजुतीप्रमाणे तो इंग्रजीच लिहीत असतो. आपल्याला मात्र मराठी दिसते. यात सोय मोठी होती. कोणतेही सॉफ्टवेअर घ्या, त्यास मराठीचा गंध नसला तरी अक्षर ठाकठीक उमटे. शिवाय फलकास शोभतील अशी ठसठशीत, वळणदार अक्षरे या फॉन्टांत विपुल मिळत, आणि म्हणूनच फलक छापणाऱ्यांचा जीव त्यांवर जडला तो अद्याप सुटलेला नाही. गैरसोय अशी, की तीच फाइल तो फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडली की सुंदर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक गुंता हाती येतो.

दुसरा मार्ग युनिकोडचा. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली व तीत देवनागरीस आरंभापासून स्थान होते. युनिकोड अक्षरे साठवितो ती उच्चाराच्या क्रमाने, म्हणजे आधी 'श' व मागून वेलांटी. ती वेलांटी उचलून 'श'च्या आधी नेऊन बसविणे, अर्धा 'स' पुढच्या 'म'ला जोडणे, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढविणे, ही सर्व कामे अक्षर रेखाटताना सॉफ्टवेअरने करावयाची असतात. अक्षरकार र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला मंगल हा फॉन्ट विंडोज २००० बरोबर घरोघर गेला, तेव्हा सामान्य लेखनात ही पद्धत रुळू लागली. आजच्या प्रत्येक मोबाइलवरील मराठी ही युनिकोडच आहे. म्हणजे घरातून काकूंनी मोबाइलवर लिहून पाठविलेला मजकूर एका मार्गाचा आणि दुकानातील फॉन्ट बहुधा दुसऱ्या मार्गाचा. या दोहोंची गाठ दुकानातील संगणकावर पडते व अपघात होतात ते तेथेच.

फलकाच्या धंद्यात आपल्याकडे सर्वांत अधिक वापर आहे तो कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरचा. ते १९८९ साली निघाले. परंतु देवनागरीसारख्या जुळणीच्या लिपी त्यास नीट येऊ लागल्या त्या २०१२ सालच्या एक्स-सिक्स या आवृत्तीपासून. त्याच्या अगोदरच्या आवृत्त्या अजून चालविणारी दुकाने आढळतात. जुने सॉफ्टवेअर हलके असते, हातास सवयीचे झालेले असते, आणि नव्याचे पैसे द्यावे लागतात. दुकानदाराची बाजू आम्हांस कळत नाही असे नाही. पण त्या जुन्या आवृत्तीत मोबाइलवरील मजकूर उतरविला की वेलांट्या पुढे सरकतात, 'नळदुर्ग'चा 'नळदुर्‌ग' होतो, आणि 'स्मरणार्थ' या शब्दाचे तर वाचवत नाही असे तुकडे पडतात. येथे आमच्या वाचकांस एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. आपल्या घरांतील फलकांची भाषा संस्कृतप्रचुर, जोडाक्षरांनी व रफारांनी भरलेली. 'चि. सौ. कां.' या तीन मान्याक्षरांतले पहिलेच वेलांटीचे! 'प्रीत्यर्थ', 'ज्येष्ठ', 'द्वितीय', 'आशीर्वाद', 'कार्यसिद्धी' अशा शब्दांवाचून आमंत्रण पुरे होत नाही, आणि सॉफ्टवेअरची खरी परीक्षा घेणारे शब्द हेच होत.

याहून एक लबाड चूक आहे, ती पटकन दिसत नाही. जुन्या फॉन्टात मजकूर आणण्यासाठी दुकानदार तो एका परिवर्तकातून काढतात, म्हणजे युनिकोडचे रूपांतर श्री-लिपीसारख्या फॉन्टांत करतात. बहुतेक अक्षरे सुखरूप येतात. मार खातो तो 'ऱ्य'. हा चंद्रकोरीसारखा आडवा 'र' मराठीचा खास, हिंदीत त्याची गरज पडत नाही, म्हणून पुष्कळ परिवर्तकांस तो नीट ठाऊक नसतो. परिणामी 'शेतकऱ्यांना' याचे 'शेतकर्यांना' होते, 'दुसऱ्या'चे 'दुसर्या' होते. ज्या जिल्ह्यात निम्म्याहून अधिक सूचना शेतकऱ्यांस उद्देशून असाव्यात तेथे ही चूक चौकाचौकात दिसू लागली तर नवल नाही. काहींना ती चूक वाटतही नाही, हेच आम्हांस अधिक खटकते. मुलांचे डोळे पुस्तकांपेक्षा रस्त्यावरील मोठ्या अक्षरांवर अधिक फिरतात. दहा ठिकाणी 'शेतकर्यांना' वाचलेल्या मुलास अकराव्या ठिकाणी शुद्ध रूपच चुकीचे वाटू लागते. 'श' आणि 'ल' यांचेही असेच आहे. त्यांची मराठी वळणे हिंदीतील वळणांहून निराळी, आणि शासनाने २००९ च्या निर्णयात मराठी वळणे प्रमाण ठरविली. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असे सॉफ्टवेअरला सांगितल्याशिवाय ते मराठी वळण बाहेर काढीत नाही.

तुळजापूरला तर प्रश्न एका लिपीपुरता राहत नाही. नवरात्रात व आश्विनी पौर्णिमेस भवानीच्या दर्शनास कर्नाटक व तेलंगणातून यात्रेकरू लोटतात, कित्येक पायी येतात. त्यांच्यासाठी कानडीत किंवा तेलुगूत सूचना लावावयाची म्हटली तर त्या लिपींचीही जुळणी देवनागरीइतकीच नाजूक, किंबहुना अधिक. आणि छापणाऱ्यास ती लिपी वाचता येत नसल्यामुळे चूक झाली तरी त्याच्या ध्यानात यावयाची नाही. उर्दूची नस्तालिक लिपीही याच दुखण्याची. तिच्यासाठी १९९४ मध्ये इनपेज नावाचे स्वतंत्र सॉफ्टवेअरच करावे लागले.

मग कोणते सॉफ्टवेअर चांगले? असा रोकडा प्रश्न कोणी केला तर आमचे उत्तर असे: आकृती रेषांची व अक्षरांची असेल तर कोरलड्रॉची २०१२ नंतरची कोणतीही आवृत्ती, किंवा अडोबीचे इलस्ट्रेटर, मात्र इलस्ट्रेटरमध्ये अक्षरजुळणीची योजना 'वर्ल्ड-रेडी' किंवा दक्षिण आशियाई लिपींची अशी निवडलेली पाहिजे, नाही तर तेही जुन्या कोरलसारखेच वागते. ज्यांस पैसे द्यावयाचे नाहीत त्यांच्यासाठी इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर आहे व देवनागरीची जुळणी ते उत्तम करते. फुकटचे म्हणून त्यास हिणविण्याचे कारण नाही. त्याची उणीव निराळी आहे, ती छापखान्याच्या रंगांसंबंधी. पुढे रंगांचे बोलू तेव्हा ती आठवावी.

फोटोशॉपचे नाव आम्ही यात घेतले नाही, ते विसरून नव्हे. फोटोशॉप हे छायाचित्रांचे साधन. त्यात तयार केलेले चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची चौकट. कोरलड्रॉ व इलस्ट्रेटर यांत तयार केलेली आकृती म्हणजे रेषेचे गणित. रांगोळी ठिपक्यांच्या कागदावर काढली तर ती त्या कागदाएवढीच राहते; पण 'अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत असे वळण घ्या' एवढेच लिहून ठेवले तर तीच रांगोळी अंगणभरही निघते. अक्षरे रेषेच्या गणिताने साठविली असली की ती व्हिजिटिंग कार्डावर व चाळीस फुटी फलकावर सारख्याच धारदार कडांनी उमटतात. फोटोशॉपमधून सपाट चित्र करून पाठविली की कडा ठिपक्यांच्या संख्येवर अवलंबून राहतात.

ही संख्या किती लागते याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दहा फूट लांब व चार फूट उंच फलक घेऊ. इंचास ७२ ठिपके धरले तर लांबीस ८,६४० व उंचीस ३,४५६ ठिपके होतात. गुणाकार २,९८,५९,८४०, म्हणजे जवळजवळ तीन कोटी. आता घरून व्हॉट्सॲपवर साध्या रीतीने पाठविलेले छायाचित्र पाहा. ते वाटेत आकसून लांबीस सुमारे १,६०० ठिपक्यांचे होते. दहा फुटांवर ते पसरले की इंचास अवघे तेरा ठिपके पडतात आणि प्रत्येक ठिपका जवळजवळ दोन मिलिमीटरांचा होतो. आजोबांच्या पंचाहत्तरीच्या फलकावर आजोबांचा चेहरा धुक्यातून पाहिल्यासारखा दिसतो तो यामुळे, आणि दोष दिला जातो छपाईच्या यंत्राला. निरोगी डोळा दहा फुटांवरून सुमारे एक मिलिमीटर जाडीची गोष्ट वेगळी ओळखू शकतो. पंचवीस फुटांवरून दोन मिलिमीटरांची. म्हणजे हा फलक मांडवाच्या दारी लावला तर ठिपके डोळ्यांत भरतील, रस्त्यापलीकडे गच्चीवर लावला तर भरणार नाहीत.

याच हिशेबाने उलट बाजूची हौसही आवरता येते. इंचास ३०० ठिपके हवेतच असा आग्रह धरणारे कोणी सुशिक्षित गृहस्थ असतात. पुस्तकाच्या छपाईचा तो नियम त्यांनी कोठेतरी वाचलेला असतो. दहा फुटी फलकास तो लावला तर ५१ कोटी ८४ लाख ठिपके होतात, लांबी ३६,००० ठिपक्यांवर जाते, आणि फोटोशॉपच्या साध्या फाइलीची मर्यादा आहे ३०,००० ठिपक्यांची! हातात धरून वाचावयाच्या पत्रिकेस तीनशे, खोलीतल्या फलकास दीडशेच्या आसपास, रस्त्यावरच्या मोठ्या फलकास बहात्तर किंवा त्याहूनही कमी, असे धरले तर भागते. ही गणना छायाचित्रापुरती हे लक्षात ठेवावे. अक्षरांस तिची गरजच पडू नये.

मोठ्या मापांच्या बाबतीत प्रत्येक सॉफ्टवेअरच्या आपल्या मर्यादा आहेत. इलस्ट्रेटरची पाटी पुष्कळ वर्षे २२७ इंचांपुरती, म्हणजे एकोणीस फुटांच्या आतच होती. मोठे फलक दहाव्या हिश्शाने काढून छापताना दसपट करावे लागत. असे केले की आतील छायाचित्रही दसपट मोठे होते हे विसरून चालत नाही. दुसरी अडचण सावल्यांची. अक्षरामागे मऊ सावली, पारदर्शक पट्टा, फुलांचा झिरझिरीत पडदा अशा हौशी आपल्या फलकांत फार. जुन्या ईपीएस प्रकारच्या फाइलीत पारदर्शकता मावत नाही. सॉफ्टवेअर तेथे चित्राचे बारीक तुकडे पाडून सांधते, आणि त्या सांध्यांत कधी कधी पांढऱ्या केसासारख्या रेषा उमटतात. नव्या पीडीएफमध्ये, विशेषतः पीडीएफ-एक्स-४ या प्रकारात, पारदर्शकता जशीच्या तशी जाते. दुकानदार फाइल कोणत्या प्रकाराने काढतो हे विचारण्यात संकोच करू नये.

रंगांची गोष्ट या सर्वांहून फसवी. पडदा रंग दाखवितो तो लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाने; यंत्र छापते ते निळसर, गुलाबी, पिवळी व काळी अशा चार शायांनी. प्रकाशाने जे रंग दाखविता येतात ते सर्व शाईने छापता येत नाहीत. आपल्या दुर्दैवाने न येणाऱ्यांत पेटत्या भगव्याचा क्रमांक बराच वर लागतो. पडद्यावर जो भगवा झळाळतो तो कापडावर उतरताना किंचित विटकरी होतो; गडद निळा जांभळ्याकडे झुकतो. हे भाषांतर कोणीतरी करावयाचे असते, आकृतीच्या सॉफ्टवेअरने किंवा यंत्राशेजारच्या 'रिप' नावाच्या सॉफ्टवेअरने, आणि कोरल, फोटोशॉप व रिप यांची रंगांविषयीची समजूत एकसारखी बसविलेली नसेल तर एकाच घरच्या दोन फलकांवर दोन भगवे उमटतात. म्हणून आकृती आरंभापासूनच चार शायांच्या पद्धतीत केलेली बरी. जे मिळणार नाही ते निदान पडद्यावर आधीच दिसते. इंकस्केपची उणीव हीच, की ते मुळात प्रकाशाच्या रंगांत विचार करते. भाषांतर सर्वस्वी पुढच्यावर पडते.

काळ्याचे एक निराळे आहे. प्रकाशाच्या पद्धतीतील काळे अक्षर फोटोशॉपच्या नेहमीच्या मांडणीने शायांच्या पद्धतीत नेले की ते नुसत्या काळ्या शाईचे राहत नाही. चारही शाया मिळून सुमारे तीनशे टक्के शाई त्या एका अक्षरावर पडते. कागद ती पिऊन टाकील. व्हिनाइल पीत नाही. तेथे ती वाळावयास वेळ लागतो, गुंडाळी घाईने केली तर पुसटते, आणि चार शाया केसभर जरी इकडेतिकडे झाल्या तरी बारीक अक्षराभोवती रंगीत कड दिसते. मजकूर केवळ काळ्या शाईत ठेवावा. त्यात आणखी एक लाभ आहे. धाराशिवच्या वैशाखातील ऊन आम्ही वाचकांस सांगावयास नको. त्या उन्हात पिवळी व गुलाबी शाई बहुधा आधी उडते व काळी सर्वांत मागे राहते. जुने फ्लेक्स निळेनिळे झालेले दिसतात ते म्हणूनच. लाल अक्षर हे गुलाबी व पिवळ्याचे मिश्रण असल्यामुळे दोनतीन उन्हाळ्यांत फिके पडते. मंगल कार्याचा फलक चार दिवसांचा, तेथे लाल खुशाल असावे. पण देणगीदाराचे नाव कुंकवाच्या रंगात लिहून ते वाचनालयाच्या भिंतीवर उन्हात लावणे म्हणजे देणगीदाराचा अवमान करणे होय.

हे सर्व वाचून कोणास वाटेल की पूर्वीचा पाटी रंगविणारा पेंटर बरा होता. काही अंशी होताच. पत्र्यावर खडूने दोन आडव्या रेषा मारून तो एनॅमलने अक्षर भरी, कोपऱ्यात आपले नाव घाली, आणि त्याच्या हाताला शिरोरेषेचा मान ठाऊक असे. आज कोणीही संगणकावर अक्षर चिमटीत धरून ताणतो. जागा लांबट असली की अक्षर लांबट होते, उभी असली की उभट. उभ्या रेषा जाड व आडव्या बारीक असा जो तोल अक्षरकाराने साधलेला असतो तो मोडतो. इंग्रजीची नक्कल करून अक्षरांमधले अंतर वाढविले की शिरोरेषा तुटून शब्दाचे दात विचकतात. ठळकपणासाठी भोवती जाड कड घातली की 'ष', 'ध', 'थ' यांची पोटे बुजतात व तीस फुटांवरून सारी सारखीच दिसतात. यांपैकी एकही गोष्ट करण्यास सॉफ्टवेअर मना करीत नाही, हा त्याचा मोठाच दोष मानला पाहिजे. तरी पण पेंटरला अशुद्धलेखन वर्ज्य होते असेही नाही. त्याच्या 'सुचना' आणि 'दुरध्वनी' आम्ही पुष्कळ वाचलेल्या आहेत.

घरच्या मंडळींनी करावयाचे ते असे. मजकूर मोबाइलवर लिहून पाठवावा, पण त्याबरोबर कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलेली एक प्रतही दुकानी न्यावी. जुळणी बिघडली तर दुकानदारास पाहावयास काहीतरी हवे. छायाचित्र पाठवावयाचे ते 'डॉक्युमेंट' म्हणून, म्हणजे वाटेत आकसत नाही. जुन्या छायाचित्राचा मोबाइलने फोटो काढण्यापेक्षा ते स्कॅन करून घ्यावे. दुकानदाराने पडद्यावर किंवा मोबाइलवर नमुना दाखविला की घरातील ज्या व्यक्तीचे शुद्धलेखन सर्वांत चोख असेल तिने तो वाचावा, मग ती आजी असो की नववीतली नात. वाचताना नुसता अर्थ न पाहता पाच ठिकाणी बोट ठेवावे: ऱ्हस्व वेलांट्या, रफार, जोडाक्षरे, 'ऱ्य' आणि 'ऱ्ह', व शेवटी अंक. घाईच्या दिवसांत, लग्नसराईत किंवा नवरात्रात, हे वाचन टाळावेसे वाटते, टाळू नये. फलक वर्षानुवर्षे राहणार असेल तर फूटभराचा तुकडा प्रत्यक्ष व्हिनाइलवर छापून मागावा व उन्हात नेऊन पाहावा. त्याचे थोडे पैसे पडतात, पण भगवा कोणता उतरणार ते तेथे कळते.

हे वाचन 'कर्व्ह' करण्याआधी झाले पाहिजे. छापण्यास पाठविण्यापूर्वी दुकानदार अक्षरांचे रूपांतर नुसत्या रेषांत करतात, त्यास ते कर्व्ह करणे म्हणतात. कोरलमध्ये ते दोन कळांचे काम आहे. असे केल्याने फॉन्ट नसलेल्या यंत्रावरही अक्षर बिघडत नाही, म्हणून ते आवश्यकच आहे. पण त्यानंतर ते अक्षर अक्षर राहत नाही, चित्र होते; त्यातील वेलांटी हलविता येत नाही की 'र्या'चा 'ऱ्या' करता येत नाही. यासाठी दुकानातून निघताना कर्व्ह केलेली व न केलेली अशा दोन्ही फाइली मागून घ्याव्या आणि बरोबर फॉन्टचे नाव लिहून आणावे. पुढे पत्ता बदलला, दूरध्वनीचा अंक बदलला, अथवा गावाचे नावच पुन्हा बदलले, तर न केलेल्या फाइलीत एक ओळ दुरुस्त करून भागते. नुसती केलेली हाती असेल तर सारा फलक पहिल्यापासून जुळवून घ्यावा लागतो.